सगळ्यांनी विकली तर

मी नारायण पेठेत वाढलेली बाई. चुकतं ते दुसऱ्याचं, आणि ते त्याला तोंडावर सांगायचं, यात आमच्याकडे कुणाला काही वावगं वाटत नाही. पंचेचाळिशी उलटेपर्यंत मलाही वाटलं नव्हतं. मग पुण्याबाहेर मांजरी स्टेशनच्या पुढचं एक गाव माझ्या वाट्याला आलं आणि तिथं मी जे करून बसले, त्याचा धक्का निवृत्तीनंतरही ओसरलेला नाही. दिवस जातील तसं विसरशील, असं मैत्रिणी सांगायच्या. कसलं काय! अजूनही दुपारी चहा गाळताना एकदम आठवतं आणि हात थांबतो.

पुण्याच्या चारी बाजूंना तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. कालपर्यंत जिथे ज्वारी होती तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरंपोरी बसमधून उतरताना दिसायची. आमची एक छोटी संशोधन संस्था होती. तिचे संचालक एका परिषदेहून परतले ते डोक्यात एकच कल्पना घेऊन. शहर गावाला गिळतं म्हणजे नेमकं काय होतं, आणि गिळू द्यायचं नसेल तर धोरण काय असावं, याचा वीस वर्षं अभ्यास करायचा. एकच गाव, तीच घरं, दरवर्षी त्याच महिन्यात तेच प्रश्न. ‘शाश्वत विकास : धोरण आणि व्यवहार’ असं भारदस्त नाव ठरलं. क्षेत्रकामाची प्रमुख मी. वीस वर्षं म्हटल्यावर मी मनात हिशेब केला की मधेच मी निवृत्त होणार, पण बोलले नाही. एवढं मोठं काम हातात येतंय म्हटल्यावर कोण बोलेल?

गाव निवडायला मी महिनाभर हिंडले. शेवटी हे निवडलं, कारण आजूबाजूच्या गावांतून जमिनी भराभर विकल्या जात होत्या आणि इथे एक गुंठाही गेला नव्हता. ऊस होता, भाजीपाला होता, विहिरींना पाणी होतं. दलाल येत, चहा पिऊन परत जात. असं का, हे कुणी सांगेना. विचारलं की लोक हसायचे आणि विषय बदलायचे. संचालकांना तर आनंदच झाला. शाश्वततेचा जिवंत नमुना सापडला म्हणाले. मलाही तसंच वाटलं. न विकण्यामागे काही कारण असेल आणि ते आधी शोधावं, हे आम्हा दोघा दीडशहाण्यांना सुचलं नाही. कारण शोधायला वीस वर्षं होती ना!

त्या गावात मला पहिली भेटली ती एक भाजीवाली. भाजीवाली म्हणजे विकणारी नव्हे, पिकवणारी. वय माझ्याएवढंच असेल. नवरा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला, पाळीप्रमाणे जाणार-येणार, त्यामुळे दोन एकरांचं सगळं तिच्याच अंगावर, आणि सातबाराही तिच्याच नावावर. मेथी, कोथिंबीर आणि वांगी. पहाटे माल टेम्पोत चढवून ती परत वाफ्यात. नवऱ्याला शेतीतलं काही कळत नाही, असं ती त्याच्या देखत सांगायची आणि तो मान डोलवायचा.

तिच्या शेतात विहीर नव्हती. विहीर थोरल्या दिराच्या शेतात, पण हक्क सहा घरांचा. आठवड्याला ठरलेल्या पाळीने पाणी. दिराशी तिचं चांगलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा वाफे कसे बांधायचे, पाणी कसं धरायचं हे तिला त्यानेच शिकवलेलं. ती मला पहिल्याच भेटीत म्हणाली होती की माझं सगळं ह्या पाळीवर हाय, पाळी हाय तवर मी हाय. मला ते वाक्य फार आवडलं. मी ते वहीत टिपून घेतलं आणि अहवालाच्या सुरुवातीला घातलं. टिपून घेण्यात आम्ही पटाईत.

मग प्रश्नावली. पाण्यापासून चुलीपर्यंत सगळे प्रश्न त्यात होते. त्यातला एक होता : चांगला भाव आला तर जमीन विकाल का? हा प्रश्न मी लिहिला होता. घरोघर मी स्वतः गेले, कारण मला कुणाच्या हस्ताक्षरावर भरवसा नव्हता. त्या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर मिळायचं ते असं, की सगळ्यांनी विकली तर. शब्द थोडे इकडे-तिकडे, पण अर्थ तोच. मी शिस्त म्हणून प्रत्येकाचं पूर्ण उत्तर मार्जिनमध्ये शब्दशः लिहून घेतलं. भाजीवालीनेही तेच सांगितलं. मी जरा खवचटपणे विचारलं, म्हणजे हो का नाही? ती हसली आणि म्हणाली की तुमाला कळंल हळूहळू, वीस वर्सं येणार हाय न्हवं.

आता हे संगणकात घालायचं होतं. सगळीकडे संगणक येऊन जुने झाले तरी आमच्या संस्थेत नुकताच पहिला आला होता. त्याच्यासाठी वेगळी खोली, पंखा, वर कापडी आच्छादन, आणि आत जाताना चपला बाहेर काढायच्या. देवघरातही आम्ही एवढे शिस्तीत जात नसू. त्यात प्रत्येक उत्तराला एक आकडा लागायचा. हो म्हणजे एक, नाही म्हणजे दोन. मग ‘सगळ्यांनी विकली तर’ याला काय द्यायचं, यावर बैठक बसली. एकाने सुचवलं की तिसरा आकडा ठेवू. मीच ते मोडून काढलं. मी म्हणाले, अट घालणारा माणूस विकायला तयारच असतो, नसता तर सरळ नाही म्हणाला असता. पुढे अशीही फुशारकी मारली की लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे ‘देण्याघेण्याचं जमलं तर’ म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ आपल्याला कळतो की नाही. सगळे हसले. संचालक म्हणाले, मुद्दा बिनतोड आहे. मी लाल पेन्सिल घेतली आणि एकेक फॉर्म काढून त्या उत्तरासमोर एक, एक, एक असा आकडा टाकत गेले. दोन दुपारींत काम उरकलं.

कार्यक्रमाचं उद्घाटन गावातच करायचं ठरलं. लोकांची माहिती लोकांना परत द्यायची, ही तेव्हाची नवी आणि चांगली पद्धत होती. शाळेच्या पटांगणात मांडव, सतरंज्या, कापडी फलक. सगळा गाव आला होता. संचालकांनी भाषण केलं, त्यातलं अर्धं मलाही कळलं नाही. मग निष्कर्ष मी वाचले. पाणी किती, ऊस किती, शाळा सोडणाऱ्या मुली किती. लोक माना डोलवत होते. शेवटी मी वाचलं की कुणाचंही नाव आम्ही सांगणार नाही, पण गावातली निम्म्याहून बरीच जास्त घरं चांगला भाव आल्यास जमीन विकायला तयार आहेत.

मांडव एकदम गप्प झाला. मुलांचा कलकलाटसुद्धा थांबल्यासारखा वाटला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही, हे मला आज लख्ख आठवतं. त्या वेळी मात्र मी समजले की आकड्यांनी माणसं भारावून गेली. पुढे चहा होता, तोही बऱ्याच जणांनी घेतला नाही. भाजीवाली बायकांच्या बाजूला बसली होती. ती उठून माझ्याकडे न येता तडक घरी गेली. मला थोडा रागच आला. एवढी ओळख असून साधं कौतुक करायला काय झालं होतं?

त्यानंतरचे महिने मी शहरातच होते. पहिला अहवाल, धोरणावरचं टिपण, मंत्रालयात एक सादरीकरण. वर्ष भरलं तेव्हा दुसऱ्या फेरीचे कोरे फॉर्म पिशवीत घालून मी गावात उतरले, आणि फाट्यावरच थबकले. मला आधी वाटलं चुकीच्या थांब्यावर उतरले. उसाच्या जागी तारेची कुंपणं होती. चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब, बिल्डरांचे फलक. एका वर्षात! आजूबाजूच्या गावांना जे व्हायला पाच-सहा वर्षं लागली ते इथे बारा महिन्यांत झालं होतं. अभ्यास करायला गाव निवडलं आणि अभ्यास सुरू व्हायच्या आत गावच उरलं नाही.

घरोघर गेले तर लोक बोलेनात. यादीतलं पहिलंच घर, तिथल्या म्हाताऱ्याने उंबऱ्यातूनच सांगितलं की आता काय लिहिता, झालं तुमचं समाधान. दुसऱ्या घरी नवी मोटरसायकल होती आणि शेजारच्या भावाच्या घराकडे पाठ करून बांधलेली नवी भिंत. सगळ्या गावात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. जमिनी गेल्या हे एकवेळ समजलं असतं, पण हे काय होतं? मी भाजीवालीकडे गेले.

तिचे दोन एकर अजून तिचेच होते, पण वांगी वाळून चालली होती. दिराने जमीन विकली, विहीर त्याच्या जमिनीत, ती कुंपणाच्या आत गेली. पाळी बंद. कागदावर हक्क होता, पण कुलपाची किल्ली पहारेकऱ्याकडे होती आणि कोर्टात जायचं तर निकाल लागेपर्यंत वांगी थांबणार नव्हती. दिराशी तिचं बोलणं तुटलं होतं. महिन्याभरात तिलाही विकावी लागणार होती.

मी बांधावरच बसले आणि विचारलं की अगं, एकाएकी सगळ्यांना झालं तरी काय? तिने माझ्याकडे असं पाहिलं की ते डोळे मला अजून दिसतात. “मॅडम,” ती म्हणाली, “तुमीच तर सांगितलंत.”

मग तिने सांगितलं ते असं. आम्ही गावात यायच्या आधी दोन वर्षं, पहिला दलाल आला तेव्हा, सगळ्या गावाने खंडोबाच्या देवळात बेलभंडारा उचलला होता. प्रत्येक घरातून एकेकाने. तिचा नवरा कारखान्यात पाळीवर होता म्हणून तिने उचलला. शपथ अशी की एकट्यादुकट्याने जमीन विकायची नाही, विकली तर सगळ्यांनी. म्हणजे कुणीच नाही. आणि ही गोष्ट बाहेरच्याला सांगायची नाही, नाहीतर दलाल एकेकाला गाठून फोडतील. म्हणून आम्ही विचारलं तेव्हा प्रत्येकाने शपथेचेच शब्द सांगितले. त्यांच्या दृष्टीने ते ‘नाही’ होतं. त्याहून पक्कं ‘नाही’ त्या गावाकडे नव्हतं. आणि त्या मांडवात मी माइकवरून त्यांना ऐकवलं की तुमच्यातले निम्म्याहून जास्त विकायला तयार आहेत.

प्रत्येकाला वाटलं, मी तर नाही म्हणालो, मग हे फिरले कोण? मी म्हणाले, पण एकमेकांना विचारायचं ना! ती म्हणाली की भंडारा उचललेल्या माणसाला, तू फिरलास का, असं विचारत नाहीत. विचारलं म्हणजे त्याला खोटा ठरवला. म्हणून कुणी विचारलं नाही. जो तो मनात कुढत राहिला. आणि बाकीचे विकणारच आहेत तर मागे राहून काय करायचं, म्हणून पहिल्याने विकली. मग दुसऱ्याने. मग रांगच लागली.

मी तशीच संस्थेत आले. संगणकाच्या खोलीत चपलांसकट गेले, कपाट उघडलं आणि मूळ फॉर्म काढून फरशीवर पसरले. एकेक वाचत गेले. लाल पेन्सिलीचे एक, एक, एक. आणि प्रत्येकाच्या मार्जिनमध्ये माझ्याच सुवाच्य अक्षरात : सगळ्यांनी विकली तर. समद्यांनी विकली तरच. गाव विकंल तवा. ज्यांना मी दोन दिला होता ते सरळ नाही म्हणाले होते. नुसतं ‘हो’ असं उत्तर एकाही फॉर्मवर नव्हतं. एकाही. मी सगळा गठ्ठा दुसऱ्यांदा पाहिला, कारण माझा विश्वास बसेना. त्या गावात कुणालाच जमीन विकायची नव्हती आणि ती मी विकायला लावली होती.

संचालकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, हेही हबकले. मग ते हळूच म्हणाले की निष्कर्ष म्हणून हे विलक्षण आहे, यावर स्वतंत्र निबंध होईल. गावात मात्र सांगू नये, कारण कार्यक्रमाची अजून एकोणीस वर्षं आहेत. मी फॉर्मचा गठ्ठा पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवालीकडे गेले. कुणाचं उत्तर कुणाला दाखवायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तो मी मोडला.

ती सगळं ऐकून घेत होती. रडली नाही, ओरडली नाही. मग तिने एवढंच विचारलं की थोरल्या भाऊजींच्या कागदावर काय हाय. मी शोधून काढला. माझ्या अक्षरात लिहिलं होतं : समद्यांनी विकली तर, पण धाकटी भावजय कसतेय तवर विहीर द्यायची न्हाई. हे वाक्य मी ऐकलं होतं, लिहून घेतलं होतं आणि त्यावर एकचा आकडा टाकला होता. तिने मला ते दोनदा वाचायला लावलं. मग चपला घातल्या, पदर सारखा केला आणि म्हणाली, चला.

दिराचं नवं दुमजली घर गावाच्या टोकाला होतं. तो ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, करण्यासारखं काही नसलेल्या माणसासारखा. वर्षभरात पहिल्यांदा भावजय दारात आलेली पाहून तो उठून उभा राहिला. सांगायचं काम माझं होतं. मी सांगितलं. त्याचा कागद त्याला वाचून दाखवला, मग तिचाही.

त्याने मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी तो भावजयीला म्हणाला, “आमाला वाटलं तू फिरलीस. आता भाव चढवायला थांबलीयस, असं गावात बोलत्यात.”

ती म्हणाली, “न्हाई, भाऊजी. मला विकायचीच नव्हती.”

तो मटकन खाली बसला. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाला, “हे तुमी तुमच्या हातानं लिवलंय. मंग वाचलं का न्हाई?”

मी दोन्ही कागद परत पिशवीत घातले. त्याने आत जाऊन पाणी आणून दिलं, तिला आणि मलाही. त्यानंतर ती दोघं पाण्याचं, कुंपणाचं, पहारेकऱ्याचं बोलत बसली. काही मार्ग निघतो का, ते चाचपत होती. तो बिल्डरच्या कचेरीत दोनदा जाऊन आला, हात जोडून आला. पण विकलेली विहीर कोण परत देतो? पंधरा दिवसांनी ती भर टाकून बुजवली. तिथे नंतर गाड्या लावायची जागा झाली.

भाजीवालीने विकायचं ठरवलं तेव्हा माझ्या घरी निरोप आला. खरेदीखताला तिला ओळखणारी दोन माणसं लागत होती. एक दीर. दुसरं कुणी गावात पुढे होईना, सगळ्यांना एकमेकांसमोर यायची लाज वाटत होती. मी गेले. निबंधकांच्या कचेरीत गर्दी होती, बाकावर दाटीवाटीने बसलो. तिने लग्नाकार्याला नेसायची साडी नेसली होती आणि हाताला वाफ्यातली माती तशीच होती, सकाळी निघताना हात धुवायचं राहिलं म्हणाली.

तिचा नंबर आला. कारकुनाने कागद पुढे सरकवला, कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं आणि मान वर न करता विचारलं, “बाई, राजीखुशीने विकताय ना?”

ती कागदाकडे बघत राहिली. मागची रांग चुळबुळायला लागली. कारकुनाने पुन्हा विचारलं, हो का नाही ते सांगा. तिने एकदा दिराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं.

“सगळ्यांनी विकली,” ती म्हणाली.

“म्हणजे हो,” कारकून म्हणाला, आणि त्याने तसं लिहून घेतलं.